रोज धुतलेल्या यंत्रातला कासदाह: खानदेशातल्या एका गोठ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं बोरीकाठचं गाव. घरची जमीन कपाशीखाली, थोडा मका मूरघासासाठी. अठरा जनावरांचा गोठा, त्यात दुधावर तेरा संकरित होल्स्टीन गाई. गोठा तिघांचा: पासष्टीतले आबा, त्यांचा मुलगा आणि सून. मी त्यांचा जनावरांचा डॉक्टर. त्यांना आबा, दादा आणि वहिनी म्हणतो, इथेही तसंच लिहितो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घडलेल्या गोष्टींचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी बादलीचं दूध काढणी यंत्र घेतलं होतं. एक व्हॅक्यूम पंप, एक बादली, सडांना लावायचे दोन संच. त्याआधी दूध हातानेच काढलं जाई. आबांची बोटं दुखायला लागली, मजूर मिळेना, म्हणून यंत्र आलं. पहिलं वर्ष बरं गेलं. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध डेअरीला जात होतं.

पाणी बोअरचं आहे आणि जड आहे. चहाच्या पातेल्यात महिन्याभरात पांढरा थर चढतो. ही बाब मी पहिल्या भेटीत पाहिली होती आणि सोडून दिली होती.

अडचण कशी वाढत गेली

श्रावणात पहिली गाय सुजली. हा कासदाह, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणारी सूज. मागच्या उजव्या सडातून गाठी आल्या, कास गरम, गाय पाय झाडत होती. मी तीन दिवस सडात सोडायच्या ट्यूब दिल्या, सोबत सूज उतरवणारं इंजेक्शन. आठवड्यात दूध साफ झालं. भाद्रपदात दुसरी गाय, पाठोपाठ तिसरी. मग पहिलीच गाय पुन्हा, त्याच सडाला.

दिवाळीपर्यंत पाच गाईंवर उपचार झाले, त्यातल्या तिघींवर दोनदा. दूध दीडशेवरून एकशे दहापर्यंत उतरलं. डेअरीतून दोन तक्रारी येत होत्या. एक, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, कमी लागतं. कासदाहात दुधातली साखर घटते आणि मीठ वाढतं, त्यामुळे हे होतंच. दुसरी तक्रार मला जास्त खटकायला हवी होती: संध्याकाळचं दूध तापवलं की फाटतं, आणि मिथिलीन ब्लूच्या चाचणीत निळा रंग फार लवकर उडतो, म्हणजे दुधात जिवाणू फार. ज्या गाईंना काहीच त्रास दिसत नव्हता, त्यांचंही दूध याच बादलीतून जात होतं.

उपचार चालू असलेल्या गाईचं दूध डेअरीला घालायचं नाही, हा नियम दादांनी प्रामाणिकपणे पाळला. ते दूध वासरांना पाजलं जात होतं. हे मला खूप उशिरा कळलं.

तिसऱ्या फेरीला मी नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवले. पाचपैकी चार गाईंच्या दुधात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू निघाला. अहवालात मी वापरत असलेल्याच औषधापुढे लिहिलं होतं: संवेदनशील. म्हणजे औषध बरोबर होतं. मी डोस तपासला, ट्यूबची मुदत तपासली, आणि तेच औषध दोन दिवस जास्त दिलं. गाय पुन्हा बरी झाली, पुन्हा सुजली.

आबा गव्हाणीला टेकून उभे होते. म्हणाले, "आते काय करानं, डॉक्टरसाहेब?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यंत्र उघडलं तेव्हा

पुढच्या भेटीत मी दूध काढण्याच्या वेळी गेलो, पहाटे साडेपाचला. आधीच्या सगळ्या भेटी दुपारच्या होत्या. यंत्र तेव्हा खुंटीला टांगलेलं असायचं, कोरडं आणि दिसायला स्वच्छ.

वहिनींनी एका बादलीत पोटॅशचं (पोटॅशियम परमँगनेटचं) पाणी घेतलं होतं, त्यात एक फडकं. त्याच फडक्याने त्या गाईमागून गाय पुसत गेल्या. पहिल्या गाईला पाणी गुलाबी होतं, पाचवीला तपकिरी झालं. पोटॅश तपकिरी झालं की त्याची ताकद संपली. शेण आणि दुधाचा अंश त्याने आधीच खाल्लेला असतो. सहाव्या गाईपासून तेराव्यापर्यंत ते फडकं फक्त घाण वाटत होतं.

दूध काढून झालं. वहिनींनी बादलीभर गार पाणी यंत्रातून ओढलं, क्लॉ, म्हणजे चारही सडांच्या नळ्या जोडणारा भाग, झटकला, टांगून ठेवला. मी विचारलं, रोज एवढंच? त्या म्हणाल्या, "दोन्ही वेळा न चुकता. रविवारी भांड्याच्या साबणाने, आणि महिन्यातून एकदा ब्लीचिंगचं पाणी."

मी एक लायनर काढून मागितला. सडाभोवती बसणारी ही रबरी नळी बाहेरून पुसलेली, काळी, चकचकीत होती. दाढीच्या ब्लेडने ती उभी चिरली आणि उन्हात धरली. आतला पृष्ठभाग करडा, मंद. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. नखाने ओढलं तर नखाखाली पिवळसर, लोण्यासारखा पण चिकट लगदा आला, त्याला आंबलेल्या दुधाचा वास. तो पुसून मोबाइलची टॉर्च तिरपी धरली, तेव्हा रबरावर आडव्या भेगांचं जाळं दिसलं, उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा, फक्त केसाएवढ्या. भेगांच्या आत लगदा तसाच होता.

मग बादलीच्या झाकणाखालचं गॅस्केट, म्हणजे रबरी कडं, उचललं. स्टीलवर खरबरीत पिवळट पापुद्रा होता. स्वयंपाकघरातलं लिंबूसत्व पाण्यात विरघळवून एक थेंब टाकला, बारीक बुडबुडे आले. क्षार आणि दूध मिळून चढलेला तो दगडी थर होता.

दादांना विचारलं, लायनर कधी बदलले? "बदलतात का ते?"

तिथेच हिशेब मांडला. रबरी लायनरचं आयुष्य साधारण अडीच हजार वेळा दूध काढण्याएवढं धरतात. तेरा गाई, दोन संच, दोन वेळा. म्हणजे प्रत्येक संच दिवसाला तेरा वेळा लागतो. सहा-साडेसहा महिन्यांत अडीच हजार पूर्ण. या लायनरांना दोन वर्षं झाली होती. सुरुवातीला गाई कमी होत्या हे धरलं तरी आकडा सात हजारांच्या खाली येत नव्हता.

आणखी एक गोष्ट त्याच सकाळी कळली. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने ते कसं धुवायचं हे दाखवलं होतं. पण दाखवलं आबांना आणि दादांना. वहिनी तेव्हा घरात चहा करत होत्या. दोन वर्षं यंत्र त्याच धूत होत्या, आणि त्यांना कुणी एक शब्द सांगितला नव्हता. मीही नाही.

हा थर काय असतो

जिवाणू पाण्यात किंवा दुधात सुटे फिरतात, तसेच पृष्ठभागाला चिकटूनही राहतात. चिकटले की ते स्वतःभोवती साखरेसारखे बहुशर्करी पदार्थ, प्रथिनं आणि फुटलेल्या पेशींचं डीएनए यांचा चिकट लेप तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात, मराठीत जैवपटल. दगडावरची शेवाळाची निसरडी साय किंवा सकाळी दातांवर जाणवणारा थर ही त्याचीच रूपं. सतराव्या शतकात लेव्हेनहूक या डच संशोधकाने स्वतःच्या दातांवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि लिहून ठेवलं की व्हिनेगरने चूळ भरल्यावर थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले वाचले. वहिनींच्या ब्लीचिंगचं तेच होत होतं. क्लोरीन वरच्या लगद्यातच खर्ची पडत होतं, खालच्या भेगांपर्यंत पोचतच नव्हतं.

थराच्या आत अन्न आणि प्राणवायू कमी असतो, म्हणून तिथले बरेच जिवाणू जवळपास झोपलेले असतात. बहुतेक प्रतिजैविकं वाढत्या जिवाणूंवर चालतात, झोपलेल्यांवर नाही. त्यामुळे थरातला जिवाणू सुट्या जिवाणूच्या शेकडो पट, कधी हजार पट औषध सहन करतो. प्रयोगशाळेतली संवेदनशीलतेची चाचणी मात्र सुट्या, वाढत्या जिवाणूंवर होते. माझ्या अहवालातला "संवेदनशील" हा शब्द खरा होता, पण प्रयोगशाळेतल्या बशीपुरता.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा थर कासेतही धरतो. शिवाय तो कासेच्या पेशींत लपतो, बारीक गळवं करून त्यांत बसतो. म्हणून गाय वरवर बरी होते आणि महिन्याभरात उलटते. इथे थर दोन ठिकाणी होता: काही गाईंच्या कासेत आणि प्रत्येक गाईला दिवसातून दोनदा लागणाऱ्या रबरात. मी फक्त एकाच ठिकाणी औषध ओतत होतो, आणि दुसरं ठिकाण रोज नवी गाय गाठत होतं.

लायनरच्या आतून घेतलेल्या बोळ्यातही स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला. तो गाईतल्याच वाणाचा होता हे सिद्ध करणारी जनुकीय चाचणी आम्ही केली नाही. निर्णय घ्यायला तेवढ्या पुराव्याची गरजही नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दादांनीच मांडला: यंत्र बंद करून पुन्हा हाताने काढू. नवीन संसर्ग लगेच थांबेल असं मात्र नव्हतं, कारण हा जिवाणू हातानेही पसरतो, आणि तेच एक फडकं राहिलं असतं. तेरा गाईंना हातही पुरणार नव्हते.

दुसरा पर्याय, सगळ्या गाईंना एकदम प्रतिजैविक. मला असं सुचवणारे लोक भेटले. मी नाही म्हटलं. निरोगी गाईंना औषध, आठवडाभर सगळं दूध फेकायचं, आणि यंत्र तसंच राहिलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड होता. वारंवार उलटणाऱ्या दोन गाईंचं काय करायचं? परदेशी पुस्तकांत यावर एक ओळ असते: अशी गाय कळपातून काढा. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद आहे, त्यामुळे इथे "काढा" याचा अर्थ बाजारात विका. म्हणजे संसर्ग दोरीला धरून दुसऱ्या शेतकऱ्याच्या दावणीला बांधा. व्यापारी दूध पिळून दाखवतो, दूध साफ दिसतं, गाय विकली जाते. या गोठ्यातली एक गाय अशीच आली होती, आदल्या उन्हाळ्यात बाजारातून. ती आली आणि दोन महिन्यांत पहिली सूज आली.

दादा विकायच्या बाजूने होते, आणि कर्जाचा हप्ता पाहता त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आबा एवढंच बोलले: "तिले इकानं नही." मग थोडं थांबून, आपण ज्याला शिव्या देतो तो माणूस आपणच व्हायचं का, असं काहीसं पुटपुटले. त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

काय केलं

आधी सगळ्या गाईंची सीएमटी, म्हणजे कासदाह ओळखायची गोठ्यातच होणारी चाचणी, केली. चार खळग्यांची पाटी, प्रत्येक खळग्यात एका सडाचं थोडं दूध, तेवढंच जांभळं द्रावण, आणि पाटी गोल फिरवायची. साफ दूध पाण्यासारखं फिरतं; बाधित दूध घट्ट होऊन जेलीसारखं मधोमध गोळा होतं. वहिनींनी पहिल्या दोन गाईंना पाहिलं आणि तिसरीपासून पाटी स्वतःच्या हातात घेतली. बावन्न सडांपैकी एकोणीस बाधित निघाले, नऊ गाईंत. नुसत्या डोळ्यांनी कासेची सूज दिसत होती ती फक्त तिघींत.

लायनर, दुधाच्या नळ्या आणि गॅस्केट एकाच दिवशी बदलले. भेगा पडलेलं रबर कितीही धुतलं तरी स्वच्छ होत नाही, तिथे काटकसर करण्यात अर्थ नव्हता. दोन संचांपैकी एकाला लाल चिकटपट्टी लावली: तो फक्त बाधित गाईंना, आणि त्यांचं दूध सर्वांत शेवटी. पहिलारू आधी, मग साफ गाई, मग लाल संच.

धुण्याचा क्रम ठरवताना माझी एक चूक झाली. खर्च वाचावा म्हणून मी धुण्याचा सोडा सुचवला. जड पाण्यात सोडा घातला की पाण्यातला कॅल्शियम चुन्यासारखा खाली बसतो. पंधरा दिवसांत नव्या नळीत पांढरट थर दिसायला लागला, आणि असा खरबरीत थर म्हणजे जिवाणूंना चिकटायला आयती जागा. सोडा बंद केला आणि दूध यंत्रासाठी मिळणारी, जड पाण्यात चालणारी अल्कली पावडर आणली. सोडा कितीतरी स्वस्त पडत होता, हे खरं.

ठरलेला क्रम असा होता. दूध काढल्याबरोबर हाताला कोमट लागेल अशा पाण्याने खळखळून धुवायचं. गार पाण्याने दुधातली चरबी गोठून चिकटते आणि पहिलंच पाणी कडकडीत असेल तर प्रथिनं भाजल्यासारखी बसतात, कोमटच हवं. मग गरम पाण्यात अल्कली पावडर आणि ब्रश. हा ब्रश फार महत्त्वाचा, कारण थर रसायनाने सैल होतो पण निघतो घासल्यानेच. मग साधं पाणी. आठवड्यातून दोनदा आम्लाची धुणी, क्षारासाठी. दूध काढण्याआधी निर्जंतुकाचं पाणी ओढून यंत्र निथळू द्यायचं. आधी घासायचं, मग मारायचं. हा क्रम उलटा केला की ब्लीचिंगचे पैसे वाया. आणि आम्ल व ब्लीचिंग कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत तो जीवावर बेततो. हे मी कागदावर लिहिलं नाही, वहिनींना तीन वेळा तोंडी सांगितलं आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं. दोन्ही डबे वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवले.

गरम पाण्याचा प्रश्न अंगणातल्या बंबाने सुटला. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, ढीग शेतात पडलेलाच होता.

फडकं एकच, ही गोष्टही त्याच दिवशी बंद झाली. जुन्या सुती लुगड्याचे चौकोन कापले, गाईला एक. रोज उकळून कडक उन्हात वाळत घालायचे. खानदेशात उन्हाची तरी कमी नाही. दूध काढल्यावर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचा आणि लगेच वैरण टाकायची, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते. सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो. वासरांना बाधित दूध पाजणं थांबवलं.

त्या दोन गाईंपैकी तरुण गाय दुसऱ्या वेताची, एकच सड बाधित, सहा महिन्यांची गाभण होती. तिला ठरल्या वेळेच्या थोडं आधी आटवलं आणि भाकड काळातल्या ट्यूब दिल्या. दुसरी, बाजारातून आलेली, पाचव्या वेताची. तिचे तीन सड बाधित. जुना संसर्ग, वय जास्त, सड जास्त. अशा गाईत स्टॅफिलोकोकस बरा होण्याची आशा फार कमी असते. तिच्यावर आणखी औषध घालायचं नाही असं मी सांगितलं. सगळ्यात खराब सड कायमचा बंद केला, उरलेल्या सडांचं दूध सर्वांत शेवटी काढायचं ठरलं. हे सांगताना मला आपण हात टेकल्यासारखं वाटलं होतं.

निकाल

पहिल्या महिन्यात डेअरीची रंग उडण्याची तक्रार थांबली. दूध फाटणंही थांबलं. एसएनएफ सावकाश चढलं. दोन महिन्यांनी सीएमटीत एकोणीसचे अकरा सड राहिले आणि त्या काळात नवीन सूज एकाच गाईला आली.

मग कपाशीची वेचणी लागली. वहिनी पहाटेपासून शेतात, यंत्र दादांकडे. आम्लाची धुणी दोन आठवडे राहिली, ब्रशही फिरला नाही. मी गेलो तेव्हा नळीत बोट घातलं आणि बुळबुळीत लागलं. लायनर नवे होते, भेग एकही नव्हती, तरी पंधरा दिवसांत थर आला. सीएमटीत दोन नवे सड निघाले. दादा ओशाळले, खरं तर त्या दिवसांत त्या घरात कुणाचेच हात मोकळे नव्हते. त्यानंतर आम्लाचे दिवस बाजाराच्या दिवसाला आणि सोमवारला जोडले, म्हणजे लक्षात राहतात, आणि वेचणीच्या काळात ते काम आबांनी घेतलं.

सहा महिन्यांनी बाधित सड सात. दूध एकशे चाळीसच्या घरात. तरुण गाय व्यायली, तिचे दोन्ही नमुने साफ आले. पाचव्या वेताची गाय तशीच आहे, तीन सडांवर, सर्वांत शेवटी, लाल संचावर.

आज असा गोठा समोर आला तर

पहिल्याच गाईला औषध देण्याआधी दुधाचा नमुना घेईन. तो नंतर घेतला की औषधाने झाकला जातो. दुसऱ्या गाईला सूज आली त्याच दिवशी लायनर काढून चिरून पाहीन. त्याला ब्लेड लागतं आणि दोन मिनिटं. इथे मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत फेकलेलं दूध, औषधाचा खर्च आणि ज्या गाईंना ते सोसावं लागलं, तो हिशेब माझ्या नावावर आहे.

दूध काढायच्या वेळेला जाईन. दुपारी गोठा काहीच सांगत नाही.

पाण्याची जडता पहिल्या भेटीत विचारात घेईन, कारण त्यावर साबण ठरतो. बाजारातून आणलेली गाय सीएमटी केल्याशिवाय यंत्राला लावू देणार नाही. आणि समजावून सांगताना ज्याच्या नावावर गोठा आहे त्याच्याशी बोलून थांबणार नाही. यंत्र कोण धुतं, हे आधी विचारीन.

मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने लायनर बदलायची तारीख लिहून ठेवली होती, ती आठ दिवसांवर आली होती. दुकानात त्या मापाचे लायनर नव्हते, दुसऱ्या मापाचे होते. ते चालतील का, असं त्या विचारत होत्या. मी नाही म्हटलं. मापात न बसणारा लायनर सडाला त्रास देतो. "मग मी धुळ्याहून मागवते," त्या म्हणाल्या, "तारीख चुकवायची नाहीये."